नॉर्थॅम्प्टनशरचा एकच बूट

ती केस आठवली ना, की आजही आधी हुश्श होतं, मग हसू येतं! पोलिसात मी सहाच वर्षं होते, तिशीतच रिटायर झाले म्हणा, पण ही गोष्ट सांगितल्याशिवाय राहवतच नाही.

२०१६ साल. इथे न्यूझीलंडात पुकेकोहेजवळच्या एका जुन्या घरातून तक्रार आली: लहान मुलाचा चामड्याचा बूट चोरीला. एकच बूट! मला वाटलं, कोणीतरी गंमत करतंय. पण तक्रारदार बाई गंभीर होत्या. त्यांचं घराणं मूळ इंग्लंडातल्या नॉर्थॅम्प्टनशर काउंटीतलं, पिढ्यान्‌पिढ्या बूट शिवणारं. पणजोबांनी हा बूट बोटीतून इथे आणलेला. आता तो काउंटीतल्या म्युझियमला पाठवायचा होता, आणि खोका रिकामा!

खबर दिली कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याने. "त्यांच्याकडे रंगकाम करणारा पेंटर काहीतरी कापडात गुंडाळून व्हॅनमध्ये ठेवत होता."

पेंटर कोल्हापूरचा. इथेच शिकलेला, रेसिडन्सीची फाइल इमिग्रेशनकडे. चोरीचा ठपका बसला असता तर फाइल रद्द, आणि बायको-पोरीसकट परत.

स्टेशनवर आणलं, हक्क वाचून दाखवले. गडी रडकुंडीला आलेला.

"ताई, शपथ! एका बुटाचं मी काय करू?"

"इथे ताई नाही, कॉन्स्टेबल. कापडात काय होतं?"

"ब्रश हो! ओले होते."

व्हॅन तपासली. खरंच ब्रश. तरी मी सोडलं नाही. काल दिवसभर काय काय केलंस, एकेक सांग म्हटलं.

"बाईंचे म्हातारे वडील आहेत ना, त्या आजोबांनी धुरांड्यावरची फळी काढायला लावली. मग मला चहाला पाठवलं. आलो तर म्हणे, लाव परत आणि रंग दे."

मी ताडकन उठले! आपल्याकडे नव्या बांधकामाला नजर लागू नये म्हणून जुनी चप्पल टांगतात, ते डोळ्यांपुढे आलं. थेट आजोबांकडे गेले.

"आजोबा, बूट धुरांड्यात आहे का?"

त्यांचे कान लाल! म्हणाले, "आमच्या काउंटीत घराचं वाईट होऊ नये म्हणून बूट धुरांड्यात लपवायचे. आमचाही तिथेच होता. गेल्या वर्षी मुलीने तो काढला, आणि माझी बायको गेली. आता समुद्रापार पाठवून अजून कोणाला घालवू?"

"डॅड! पोलीस येऊन गेले, तरी गप्प?" मुलगी ओरडली.

"तू मला विचारलंस कुठे? सरळ फोनच केलास. आणि त्या पेंटरला नेलंय, हे मला कोण सांगणार?"

फळी काढली. बूट आत! बघितला, फोटो काढला, फळी परत लावली. म्युझियमला फोटोच गेला. रजिस्टरमध्ये मी लिहिलं: गुन्हा घडलेला नाही.

मी एवढं शिकले, की वस्तू हरवली की सगळे आधी बाहेरच्या माणसाकडे बघतात, मीपण बघितलं. घरातल्या गप्प बसलेल्या माणसाला मात्र कोणी विचारतच नाही.

पेंटरला सांगितलं, तू मोकळा. त्याने बायकोला फोन लावला आणि एवढंच म्हणाला, "अगं, भात टाक. येतोय मी."