आत्याने धरलेली माणसं

माझी आत्या थीम पार्कमधल्या, यंत्रावर हलणाऱ्या-बोलणाऱ्या लाकडी पक्ष्यांच्या दालनात दारावर असते. बावीस मिनिटांचा खेळ, थंडगार अंधार, मऊ खुर्च्या आणि रांगेचं नाव नाही. मी शेजारच्या झुकझुक वळणांच्या गाडीत लोकांचे पट्टे आवळते. तिथे माणसं दोन तास उन्हात ताटकळतात आणि दीड मिनिट किंचाळून उतरतात. जेवायच्या सुट्टीत मी आत्याकडे जाते, मागच्या रांगेत डबा खाते आणि पोपट बोलायला लागायच्या आत माझा डोळा लागतो.

गेल्या महिन्यात नवे मॅनेजर आले. ज्या दालनाचा प्रेक्षकांचा रोजचा आकडा तीनशेच्या खाली, ते महिनाअखेर बंद, असं त्यांनी लेखी कळवलं. आत्याचा आकडा शंभर-सव्वाशे. तिची निवृत्ती दोन वर्षांवर आलेली आणि गुडघे असे, की उन्हातल्या कामावर तिला कोणी आठवडाभरही ठेवलं नसतं.

"थोडी जास्त बटणं दाब ना," मी म्हटलं. मोजायचं यंत्र तिच्या मुठीतच असतं.

"आणि कोणाच्या नावाने दाबू?" एवढं म्हणून ती दार लावायला गेली. मला तिचा असा राग आला, की दोन दिवस मी डबा आमच्या शेडमध्येच खाल्ला.

तिसऱ्या दिवशी मॅनेजर दालन बघायला निघाले, तशी मीही मागोमाग गेले. साहेब पुढच्या रांगेत बसले, घाम पुसला आणि पाचव्या मिनिटाला घोरायला लागले. दिवे लागल्यावर दचकून उठले आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने दाराशी आले.

"आज किती झाले?"

"एकशे बारा."

"मला धरून?"

"तुम्ही झोपला होतात. झोपलेल्यांना मी धरत नाही. मधूनच उठून जाणाऱ्यांनाही नाही."

साहेबांनी तिच्या मुठीकडे पाहिलं, मग बाहेर पडणाऱ्या गर्दीकडे. "म्हणजे तुम्ही बाहेर पडायच्या दाराला मोजता?"

"रोज भरायच्या कागदावर 'किती जणांनी खेळ पाहिला' असंच लिहिलंय. आत शिरले म्हणजे पाहिला असं थोडंच आहे?"

अकरा वर्षं ती असंच मोजत होती. बाकीच्या दालनांत आत पाऊल पडलं की बटण, आणि ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. मी कपाळाला हात लावला. साहेब मात्र हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून आत शिरायच्या दाराला मोजायला सांगून ते गेले. आठवड्याने आकडा पाचशेवर गेला आणि दालन वाचलं. मी आनंदाने आत्याला मिठीच मारली. ती म्हणाली, "बरं झालं," पण तिचं मन काही त्यात नव्हतं. नव्या मोजणीला नवं यंत्र मिळालं, पण जुनं तिने परत केलंच नाही, ते डाव्या खिशात ठेवलं.

काल साहेब पुन्हा आले. पुढचं मला आत्यानेच नंतर सांगितलं. या वेळी ताठ बसले, शेवटचं घुबड मान फिरवून थांबेपर्यंत. मग आत्यासमोर येऊन निकालाला उभं राहावं तसे उभे राहिले. आत्याने डावा हात खिशात घातला. टक् असा आवाज मला मागच्या रांगेत ऐकू आला, कारण त्याच आवाजाने मला जाग आली.

आजवर माझ्यासाठी ते बटण एकदाही दाबलं गेलेलं नाही. उद्या मी डबा बाहेरच खाऊन जाणार आहे.