दोन अर्जांवर एकाच आमदाराची सही

एकाच गावचे असलो तरी भाऊसाहेबांची नि माझी पहिली खरी भेट पुसदच्या कचेरीसमोर झाली. मी अर्जनवीस, झाडाखाली बसून लोकांचे अर्ज लिहून देत असे. ते नुकतेच आमदार झाले होते. माझे अक्षर पाहून म्हणाले, "मुन्शीजी, उद्यापासून आमचे कागद तुमीच लिहा." तेव्हापासून डोक्याला लागलेला ताप आज त्यांच्या साठीपर्यंत उतरलेला नाही.

गौरवग्रंथात गुण सांगावेत, हे मला कळते. पण भाऊसाहेबांना कोणाला 'नाही' म्हणता येत नसे, याला गुण म्हणावे तरी कसे? कोणीही जीप अडवावी, कागद पुढे करावा आणि त्यांनी बॉनेटवर ठेवून सही करावी. कळंबच्या भांडणाऱ्या दोन सख्ख्या भावांना त्यांनी एकाच सकाळी एकमेकांविरुद्ध शिफारशी दिल्या. निस्तरायला मी होतोच.

मग आमच्या भागाला एक सरकारी दवाखाना मिळणार असे कळले. फुलसावंगीच्या बाजूचे आमचे गाव भाऊसाहेबांचेही गाव. गावाचा अर्ज मी जीव ओतून लिहिला, कारण माझे पहिले मूल बाळंतपणातच गेले होते आणि पत्नीला पुन्हा दिवस गेले होते. भाऊसाहेबांनी सही केली. आठवड्याने नाल्यापलीकडच्या बंजारा तांड्याचे प्रमुख, म्हणजे नायक, अर्ज घेऊन आले, तर त्यावरही सही केली! मुंबईहून दोन्ही अर्ज एकाच टाचणीत परत आले. वर शेरा होता: नक्की कुठे, ते कळवावे.

मी वैतागून म्हणालो, "भाऊसाहेब, आता तरी एकाले नाही म्हणा."

त्यांनी पारावर गाव जमवले आणि 'नाही' म्हटले ते आम्हालाच. "आपली बाई अडली तर बैलगाडीतून फुलसावंगीच्या डॉक्टरकडं नेता येते. नाल्याले पूर आला का तांड्यातली बाई तिथंच राह्यते. दवाखाना तांड्यात होईन."

"मंग मतं बी तांड्यातच मागा," एक म्हातारे म्हणाले. भाऊसाहेब दुपारभर बोलणी खात बसले, पण उठून गेले नाहीत.

दोन महिन्यांनी निवडणूक झाली. ते पडले, आमच्याच गावाने पाडले. "तुम्ही इतके जवळचे, गाव का वळवले नाही?" असे लोक मला अजून विचारतात. आज लिहून टाकतो. त्यांच्या प्रचाराची पत्रके मी लिहिली आणि मत दुसऱ्याला दिले. मला फार राग आला होता.

त्याच महिन्यात पत्नीला कळा सुरू झाल्या. दारात गाडी उभी राहिली ती भाऊसाहेबांची. बैलही तेच हाकत होते. फुलसावंगीच्या वाटेवर मला राहवेना. मी मताचे सांगून टाकले. त्यांनी मागे वळूनही पाहिले नाही.

"मले तवाच मालूम पडलं होतं," ते म्हणाले. "आता वहिनीले नीट धरा, पुढं रस्ता खराब हाये."

मुलगी झाली, दोघी सुखरूप राहिल्या. तांड्यातला दवाखानाही चालू आहे. भाऊसाहेब आजही माझ्याकडूनच कागद लिहून घेतात आणि त्या मताबद्दल चकार शब्द काढत नाहीत. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो; आणि त्यात कधीतरी एक दिवस त्यांनी मला चांगले खडसावावे, म्हणजे मी सुटेन.