सोडून दिलेली पहिली फेरी

मावशीला अतिदक्षता विभागात आणलं, तेव्हा सिस्टरनी खाटेशेजारचा मॉनिटर सुरू केला. पडद्यावर एक गोल नुसता फिरत राहिला. मी काचेबाहेरून बघत होते. आत मावशीची छाती कशीबशी वर-खाली होत होती आणि यंत्राला अजून त्याची खबर नव्हती.

"सुरुवातीला जरा अडकतं," सिस्टर दारातून मला म्हणाल्या. "मग छान चालतं."

हे वाक्य मी ऑफिसात रोज ऐकते. ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, किती वेगवान आहे हे मोजायच्या चाचण्या निवडणं हे माझं काम. आमची रीत ठरलेली आहे. मशीनवरचं बाकी सगळं बंद करायचं, चाचणी पुन्हा पुन्हा चालवायची, पहिली फेरी सोडून द्यायची आणि उरलेल्यांची सरासरी काढायची. पहिल्या फेरीत मशीन नुकतंच जागं झालेलं असतं, त्यामुळे आकडा वाईट येतो. यात लबाडी काही नाही, त्याशिवाय दोन कर्नलांची तुलनाच करता येत नाही. पण चाचणी निवडताना आम्ही गुपचूप एक जगही निवडतो. तिथे मशीनला दुसरं काम नसतं आणि माणसाला घाई नसते.

गोल थांबला. रेघ उमटली. सिस्टरनी ती पाहिली आणि त्या डॉक्टरांना हाक मारत धावल्या.

मावशीच्या वाट्याला ही एकच फेरी होती, आणि ती पहिली होती.