मामांचे मतदार

माझ्या बायकोच्या मामांइतकं निवडणुकीवर प्रेम केलेला माणूस रत्नागिरी जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि निवडणुकीनं इतकं निष्ठुरपणे नाकारलेलाही नसेल. लांज्याच्या अलीकडे, हमरस्त्यापासून बरंच आत त्यांचं गाव. शेती भाताची, आवड मतांची. माणूस समोर आला की आपल्याला त्याचं नाव आठवतं, मामांना त्याचं मत आठवायचं. लग्नात त्यांचं लक्ष जेवणाकडे कमी, पंगतीत बसलेल्या मतदारांकडे जास्त. बारशाला गेले की पाळण्यात वाकून म्हणत, "एकवीस वर्षांनी भेटू हो!" तेव्हा मताचा हक्क एकविसाव्या वर्षी मिळायचा.

त्यांच्या वडिलांच्या काळी राजकारण सोपं होतं. वाडीतल्या थोरल्याला पानसुपारी दिली की अख्खी वाडी त्याच्या मागून मतदानाला जायची. मामा हे बघत वाढले आणि जग कायम असंच चालणार, असं धरून बसले. मग गावातली मुलं मुंबईला गिरण्यांत लागली आणि सुट्टीवर येताना बिस्किटांच्या पुड्यांबरोबर नवा पक्षही आणू लागली. एकाच घरात बाप जुन्या पक्षाचा, मुलगा मुंबईच्या पक्षाचा. अशा घरी मामा दोनदा चहा घेत, एकदा ओटीवर बापाबरोबर आणि एकदा मागच्या पडवीत मुलाबरोबर.

ऐंशी साल उलटल्यावर ग्रामपंचायतीच्या एका निवडणुकीला मामा स्वतःच उभे राहिले. सभेसाठी मी मुद्दाम रत्नागिरीहून गेलो. मामांनी घसा साफ करून आवाज लावला, "माझ्या तरुण बंधूंनो!"

समोर अंगणभर नुसत्या बायका. पुढ्यातली एक म्हातारी म्हणाली, "बंधू समदे मुंबैला हायत. हितं आमीच हाव. आमच्याशी बोला की!"

हशा पिकला. मामा पाणी प्यायले आणि तेच भाषण, तरुण बंधूंनाच उद्देशून, शेवटपर्यंत केलं. दुसरं पाठ नव्हतं.

विरोधात खालच्या वाडीतली मॅट्रिक झालेली एक सून होती. नवरा अर्थात मुंबईत. अर्ज भरला आणि पोर थेट मामांच्याच पाया पडायला आली. मामांचा हात आपोआप वर गेला, "विजयी हो गो!"

आणि ती झाली. मामांनी गृहीत धरलेली मतं खोटी नव्हती, फक्त ती परळच्या खोल्यांत राहत होती.

निकालाच्या दिवशी मामा झोपाळ्यावर बसले होते. तांदूळ निवडणाऱ्या मामींना त्यांनी विचारलं, "तू तरी मत मला दिलंस ना?"

मामींनी मान वर केली नाही. "विहिरीचं पाणी कोण आणतं, तुम्ही की मी? ती नळ आणीन म्हणाली. तुम्ही एवढं बोललात, त्यात पाणी कुठं होतं?"

मला वाटलं, आता घर पेटणार. पण मामा खो खो हसत सुटले. "जावईबापू, ऐकलंत? माझ्याच घरात पक्षाला फूट!"

दुसऱ्या दिवशी ते नारळ घेऊन तिच्याकडे गेले. ती सरपंच झाल्यावर तिला सरकारी कचेऱ्यांतले साहेब दाखवायला एसटीनं रत्नागिरीला येऊ लागले. तिला लवकरच त्यांची गरज उरली नाही, तरी ते यायचे. कचेरीबाहेरच्या बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानानं सांगायचे, "आमच्या सरपंचबाई आत बोलताहेत."

खालच्या वाडीत नळ आला. पण तोवर सुनाही मुलांना घेऊन नवऱ्यांच्या मागे मुंबईला जाऊ लागल्या होत्या. पुढे ती सरपंच पोरही मुंबईला गेली. दशक सरता सरता एका दुपारी मी मामांबरोबर त्या वाडीतून चाललो होतो. घरामागून घर बंद. एका अंगणात मामा थांबले, तुळशीभोवतीचा पाचोळा पायानं बाजूला सारला आणि कुलूप लावलेल्या दाराकडे बघून मोठ्यानं म्हणाले, "येऊन गेलो गो!"

"कोणाला सांगताय मामा?"

"सांगून ठेवावं," ते म्हणाले. "गणपतीला येतील."

आणि पुढच्या अंगणाकडे वळले.