शेवटच्या शॉटआधी कातरलेल्या मेंढ्या

मेंढ्या कातरलेल्या होत्या. सगळ्याच्या सगळ्या. बिडकीनच्या पुढच्या माळावर आम्ही सकाळी गाडी लावली, इम्राननं कॅमेऱ्याची पेटी उतरवली आणि समोरून आमच्या फिल्ममधली मेंढपाळ पारूबाई तिचा कळप घेऊन आली, तेव्हा आधी मला वाटलं की ती दुसऱ्या कोणाच्या मेंढ्या हाकत आणते आहे. अंगावर लोकर नाही. नुसत्या बरगड्या आणि कान. त्यात प्रत्येकीच्या डोक्यावर लाल रंगाचा पट्टा ओढलेला.

इम्रान माझा कॅमेरामन. लग्नांची शूटिंग करायचो तेव्हापासून आम्ही बरोबर आहोत. त्यानं उघडलेली पेटी परत बंद केली. "भाई, ये तो सब के सब गंजे हो गये."

"पारूबाई, हे काय करून ठेवलं?"

"कातरून घेतल्या." ती खूश होती. स्वतः मात्र शूटिंगची जुनी साडीच नेसून आली होती, कारण साडी बदलायची नाही हे मी तिला घसा कोरडा पडेपर्यंत बजावलं होतं. मेंढ्यांबद्दल बजावायचं असतं हे मला माहीत नव्हतं. "तुमीच म्हणला होता ना भाऊ, शेवटचा शीन हाय, समदं झ्याक पायजे. मंग? पोरगी दाखवायला आणायची तर झिपऱ्या सोडून आणता व्हय?"

"मी मेंढ्या कातरा म्हणालो का?"

"सांगाया कशाला पायजे? शूटिंग म्हणल्यावर मानूस जरा नीटनेटकं करतंच की."

मी पायातली चप्पल काढून लांब फेकली. कोणाच्या अंगावर नाही, नुसती फेकली. इम्रान गेला आणि घेऊन आला. त्याला सवय आहे.

ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. फिल्म सलग शूट होत नाही. आज अर्धा सीन, पंधरवड्यानं उरलेला. पण पडद्यावर ती एकच दुपार दिसली पाहिजे. पहिल्या शॉटमध्ये शर्टाचं बटण उघडं असेल तर पुढच्या शॉटमध्येही उघडं हवं. याला आम्ही कंटिन्युइटी म्हणतो. आता इथं बटणाचा प्रश्न नव्हता. पाचोडच्या बाजारात आम्ही ज्या मेंढ्या शूट केल्या होत्या त्या काळ्याभोर, भरल्या अंगाच्या होत्या. त्याच मेंढ्या बाजारातून घरी परत येताना उघड्याबागड्या कशा दाखवायच्या? आणि लोकर परत वाढायला काही महिने लागतात. माझ्याकडे महिना संपायला उरले होते तेवढेच दिवस होते.

महिनाअखेरीचं महत्त्व असं. आमची चार फिल्मांची सिरीज होती. चार वेगळ्या गोष्टी, पण माणसं याच भागातली. पहिल्या दोन मी स्वतःच्या जोरावर केल्या, कोणाची मदत न घेता. मग मुंबईची एक कंपनी आली. त्यांचं स्वतःचं ॲप आहे. त्यांनी पुढच्या दोन फिल्मांना हात दिला आणि करारात एक कलम घातलं. चौथी फिल्म महिनाअखेर हातात आली नाही, तर ती त्यांचा दिग्दर्शक पूर्ण करणार. त्यांच्या पद्धतीनं. चारही फिल्मा माझ्या आणि शेवट दुसऱ्याचा. ते कलम काढायला मी खूप भांडलो. निघालं नाही.

मी मूळचा बिडकीनचाच. जयंतीच्या मिरवणुकीचं शूटिंग करत हात बसवला, मग लग्नं. कोणत्या इन्स्टिट्यूटमध्ये गेलो नाही, कोणाचा असिस्टंट राहिलो नाही. कंपनीचे क्रिएटिव्ह हेड अनिकेत सर पहिल्याच भेटीत म्हणाले होते, "तुमचं वेडिंग बॅकग्राउंड खूप क्यूट आहे." ते वाक्य अजून माझ्या पोटात आहे. ज्याला नवरीच्या आईचं रडणं एकदाच, न विचारता, गर्दीतून पकडावं लागतं, त्याच्या कामाला क्यूट म्हणायचं.

माझी पद्धत त्या लग्नांतूनच आली आहे. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला की माणूस ताठ होतो. मान वर, पोट आत. म्हणून आम्ही त्या दिव्यावर काळी टेप लावायचो. फिल्मांमध्येही तेच केलं. माझ्या सेटवर कोणी 'ॲक्शन' म्हणत नाही. क्लॅप नाही. मी गप्पा मारत असतो आणि इम्रान कधीतरी सुरू करतो. पारूबाईनं जन्मात अभिनय केलेला नव्हता. तिच्याकडून तीन आठवडे काम करून घेतलं ते असंच. अनिकेत सरांना ही पद्धत 'अनप्रोफेशनल' वाटायची.

चौथ्या फिल्मची गोष्ट सरळ आहे. एका बाईच्या चराईच्या माळाभोवती कंपाउंडची भिंत घातली जाते. ती बाजारात अर्धा कळप विकते आणि उरलेल्या मेंढ्या घेऊन त्या भिंतीच्या कडेनं घरी जाते. बस. शेवटचा शॉट एकच, लांबलचक. भिंत, मेंढ्या, बाई. ती दिसेनाशी होईपर्यंत कॅमेरा हलणार नाही. संवाद नाही, संगीत नाही. कंपनीला तिथं बाईचं भाषण हवं होतं, डोळ्यांत पाणी आणि मागे बासरी.

अनिकेत सर शेवटच्या दिवसासाठी म्हणून शहरात हॉटेलवर उतरले होते. मी त्यांना फोन केला नाही. कंपनीनं आम्हाला दिलेल्या गाडीच्या ड्रायव्हरनं केला असावा. दुपारी गाडी माळावर आली.

सर खाली उतरले, मेंढ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"सुनीलजी, या आपल्याच मेंढ्या?"

"आपल्याच."

"डोक्यावर लाल काय आहे?"

"रंग हाय," पारूबाई म्हणाली. "पक्का हाय. धुऊन बगा, जायचा नाय."

धुऊन आम्ही सकाळीच पाहिलं होतं. इम्राननं बोअरच्या पाण्याखाली एका मेंढीचं डोकं शाम्पू लावून घासलं. मेंढी पळाली, शाम्पूची बाटली गेली, लाल रंग तसाच.

सर म्हणाले, "ओके. ऑप्शन्स बघू. एक, दुसरा कळप भाड्यानं आणा."

"दुसरा कळप तिच्या हाकेला येणार नाही. ती एकीकडे जाईल, मेंढ्या दुसरीकडे."

"दोन, कॉम्प्युटरवर लोकर लावू."

"इतक्या मेंढ्यांना? चालताना? महिनाअखेरपर्यंत?"

"तीन, मेंढ्या काढून टाका. बाई एकटी भिंतीसमोर. क्लोजअप, एक मोनोलॉग, फेड आउट. आमचे डायरेक्टर उद्या फ्लाइटनं येऊ शकतात. तुम्ही थकलाय, सुनीलजी. खरंच थकलेले दिसताय."

खरं होतं ते. दोन वर्षं मी या चार फिल्मांच्या मागे होतो. त्या क्षणी उन्हात उभं राहून मला मनापासून वाटलं, येऊ दे त्याला. करू दे. मी घरी जाऊन झोपतो.

पण 'तुम्ही थकलाय' हे दुसऱ्यानं म्हटलं की माझं डोकं फिरतं.

"मेंढ्या राहणार," मी म्हणालो. "अशाच राहणार. बाजारातून ती त्याच दिवशी परत येत नाही. मध्ये काही महिने जातात. तोवर भिंत पुरी झाली, मेंढ्या कातरून झाल्या. आता ती पहिल्यांदा भिंतीच्या कडेनं चालली आहे."

"ते प्रेक्षकाला कसं कळणार?"

"एक शॉट टाकतो मध्ये."

पारूबाईनं कातरलेली लोकर तिच्या वस्तीजवळ बांधावर टाकून दिली होती. हल्ली कोणी घेत नाही म्हणाली. वाऱ्यानं ती काट्यांच्या कुंपणाला जाऊन लटकली होती. बाजार संपला की कुंपणावरची ती लोकर दाखवायची, मग कातरलेल्या मेंढ्या. ज्याला डोळे आहेत त्याला कळेल.

"नाही कळणार. 'काही महिन्यांनंतर' अशी पट्टी टाकू."

"पट्टी नाही."

"मग म्युझिक तरी."

"म्युझिक नाही."

"सुनीलजी, तुम्ही प्रत्येक गोष्टीला नाही म्हणता!"

"आणि तुम्ही माझ्या प्रत्येक गोष्टीत हात घालता! तुमच्या त्या दिग्दर्शकानं मेंढी जवळून पाहिली आहे का? ये म्हणावं. हाकून दाखव म्हणावं!"

आवाज इतका चढला की मेंढ्या पांगल्या. पारूबाई त्यांच्यामागे धावता धावता ओरडली, "ओ भाऊ, भांडायचं तर तिकडं लांब जाऊन भांडा की! माझी जनावरं बुजाया लागली."

आम्ही लांब जाऊन, त्यांच्या गाडीत बसून भांडलो. एसी चालू होता, त्यामुळं माझं डोकं जरा खाली आलं. आणि डोकं खाली आलं की मी सौदा बरा करतो.

"सर, तुम्हाला काय काय बदलायचंय ते एकदा सगळं सांगून टाका," मी म्हणालो.

त्यांनी सांगितलं. सिरीजचं नाव त्यांना बदलायचं होतं. पोस्टर त्यांचं. सुरुवातीचं संगीत त्यांचं. पहिल्या फिल्मची सुरुवातीची मिनिटं कापून वेगवान करायची. आणि 'मूळ संकल्पना' या पाटीवर कंपनीच्या मालकांचं नाव.

शेवटचं ऐकून माझा हात दाराच्या कडीकडे गेला. संकल्पना माझी होती. मालकांनी बिडकीन नकाशावरसुद्धा पाहिलं नसेल. पण मी हात परत घेतला.

"घ्या," मी म्हणालो. "सगळं घ्या. नाव, पोस्टर, संगीत, पाटी. मला चौथ्या फिल्मचा शेवट द्या. कुंपणावरच्या लोकरीपासून काळा पडदा होईपर्यंत. त्यात पट्टी नाही, आवाज नाही, कट नाही. दिग्दर्शक मी. आणि हे आत्ता मेलवर लिहून द्या."

सर फोन घेऊन खाली उतरले. मुंबईशी बोलले. मला वाटलं होतं तासभर लागेल. ते लगेच परत आले.

"डन."

इतक्या लवकर? गिऱ्हाईकानं पहिल्याच भावाला मान डोलावली की दुकानदाराला जे वाटतं ते मला वाटलं. पण मेल आला होता. मी तो दोनदा वाचला.

उतरत्या उन्हात शॉट लावला. भिंतीपासून लांब कॅमेरा, दिव्यावर टेप. इम्रानला खूण केली आणि पारूबाईला म्हणालो, "चला बाई, घरी चला आता."

लोकर गेली की मेंढी हलकी होते हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. भिंतीच्या सावलीत गार वारा लागला आणि सगळा कळप धावतच सुटला. पारूबाई साडी खोचून मागं. "आगं थांब, मुडदे! कुटं उलथलीस!" माझा तो लांबलचक, जड शॉट फटक्यात संपला. अनिकेत सर गाडीला टेकून हसत होते.

"क्या करना, भाई?" इम्राननं विचारलं.

"परत."

कळप वळवून आणला. दुसऱ्यांदाही धावला, जरा कमी. पारूबाई आता माझ्यावरच चिडली होती. "आता पुरं की वो! म्या मानूस हाय का मशीन?" मी हात जोडले. तिनं ते बघितलं नाही, तशीच वळली.

तिसऱ्यांदा मेंढ्या दमल्या होत्या. बाई दमली होती. मी खाली मातीत बसलो होतो, चला म्हणायचंही त्राण नव्हतं. ती आपली आपणच निघाली. कळप एकमेकांना चिकटून, मान खाली घालून भिंतीच्या कडेनं गेला. ती मागून. मध्ये एकदा तिनं हात भिंतीला टेकला, दम खायला, आणि काढला. मी हे सांगितलं नव्हतं. मला सुचलंही नसतं. ती वळणापलीकडे गेली तरी इम्राननं कॅमेरा बंद केला नाही. बऱ्याच वेळानं त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

फिल्म वेळेत दिली. कंपनीनं मेल पाळला हेही कबूल करतो. सिरीज ॲपवर आली. नाव वेगळं, पोस्टरवर मुंबईचा कोणी डिझायनर, त्यात सूर्यास्त. पहिल्या पाटीवर मालक. माझ्या मोठ्या भावानं फोन करून विचारलं, "अरे, तुझी सिरीज म्हणालास ना? मग नाव त्या माणसाचं कसं?" त्याला काय सांगणार. पारूबाईनं सुनेच्या मोबाइलवर पाहिली आणि तिचं एकच म्हणणं, मेंढ्या लई रोड दिसतात, लोकं म्हणतील खायाला घालत नाय.

नंतर मुंबईला त्यांच्या ऑफिसात गेलो होतो, तेव्हा अनिकेत सरांना विचारलंच. त्या दिवशी इतक्या लवकर डन कसं म्हणाले?

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. कोणता प्रेक्षक किती वेळ थांबला हे ॲपला कळतं. पडद्यावर डावीकडे उंच असलेली रेघ उजवीकडे येईपर्यंत पार खाली गेली होती.

"शेवटपर्यंत फारसं कोणी थांबत नाही, सुनीलजी. आम्हाला हे आधीपासून माहीत असतं. सगळं सुरुवातीवर चालतं. म्हणून शेवट तुम्हाला दिला." ते चेष्टा करत नव्हते. समजावून सांगत होते.

मी रागानं काहीतरी बोलणार होतो. मग पुन्हा त्या रेघेकडे पाहिलं. ती खाली आली होती, पण तळाला टेकली नव्हती. थोडी माणसं काळा पडदा होईपर्यंत बसली होती.

आता नव्या फिल्मचं बोलणं चालू आहे, दुसऱ्या कंपनीशी. करारावर बसलो की मी पोस्टर, पाटी, सुरुवातीची मिनिटं यावर आधी भरपूर आरडाओरडा करतो आणि मग एकेक सोडून देतो. मागतो ती फक्त शेवटची मिनिटं. ती स्वस्तात मिळतात आणि तिथं कोणी ढवळाढवळ करायला येत नाही.