जीव वाचवण्याची रीत

अनू आणि रोहित,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर अनू म्हणाली, ऑफिसात साहेब सगळ्यांसमोर तिच्या रंगावरून बोलला आणि ती हसली. "आजी, सर्व्हायव्हल इन्स्टिंक्ट असतो गं." त्यावर मला जे सांगायचं आहे ते फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून आज लिहिते आहे.

माझे वडील, आबा, मेंढरं घेऊन फिरायचे. आम्ही सांगोल्याकडचे धनगर. शेतकरी खतासाठी रानात कळप बसवून घेत आणि बदल्यात धान्य देत. एका गावात पहाटे दोन-तीन मेंढ्या कळपाभोवतीच्या जाळीखालून निसटल्या आणि रानाच्या मालकाच्या उभ्या शाळूत, म्हणजे ज्वारीत, शिरल्या. ऊन वर येईपर्यंत मालक गडी घेऊन आला. त्याने कळप अडवला.

त्या भागात शरण जायची एक रीत होती. दातात गवताची काडी धरायची, हात जोडायचे आणि म्हणायचं, मी तुमची गाय, मला मारू नका. मी ती फक्त ऐकली होती.

मालक आबांना म्हणाला, "काय रं धनगरा, तुझी मेंढरं शाळू खात्यात, तू उपाशी कसा? तू बी खा की!"

गडी हसले. मालकाने ज्वारीचं एक ताट उपटून आबांच्या पायाशी टाकलं.

आबांनी पागोटं काढून मातीवर ठेवलं. गुडघे टेकले. ताट दातात धरलं. शब्द नीट फुटेनात.

"मालक, गाय हाय मी तुमची."

"आक्षी गाईवानी! हंबर की जरा!"

आईने माझी हनुवटी धरून तोंड फिरवलं. "बगू नगंस." मी पाहिलं होतं. आबा हंबरलेही. मग कळप सुटला.

वाटेत मी विचारलं, "आबा, तुमी असं का केलं?"

"मेंढरं हायती म्हनून आपन हाय. मोडल्याली मान सरळ हुत न्हाय बाळ, वाकल्याली हुती."

त्यांची झाली नाही. त्यानंतर वाटेत कुणीही भेटलं की आबा आधी रामराम घालायचे. शाळेत निघालेल्या पोरांनासुद्धा.

मी वसतिगृहात राहून शिकले. पुढे सोलापुरात राज्यशास्त्र घेऊन एम.ए. केलं, तेही इंग्रजीतून. जुने विलायती विचारवंत वाचले. जीव वाचवणं ही माणसाची पहिली प्रेरणा. मरणाच्या भीतीने माणसं आपले अधिकार राजाच्या हाती देतात आणि शांतता विकत घेतात. वर्गात सगळे हे उतरवून घेत होते. मला आबांचे गुडघे दिसत होते. पुस्तकातला माणूस एकदाच शरण जायचा आणि मग सुखाने राहायचा. आबा रोज शरण जात होते. वाचवलेल्या जिवाचं पुढे काय होतं, हे त्या पुस्तकांत कुठेच नव्हतं.

पुढे मी एका कॉलेजात शिकवू लागले. नोकरी कायम नव्हती. तुमचे आजोबा अंथरुणाला खिळलेले, तुमचे बाबा लहान, घरात पगार माझाच. संस्थेच्या अध्यक्षांच्या घरी लग्न निघालं, तेव्हा कॉलेजच्या वसतिगृहातल्या मुलींना भांडी घासायला नेलं. परीक्षा तोंडावर होती. मेंढपाळांच्या, ऊसतोड्यांच्या मुली; त्यांच्याकडून विचारणारं कोण? बैठकीत मी विचारलं.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी बोलावून घेतलं. सगळे प्राध्यापक भिंतीला टेकून उभे होते.

"बाई, मेंढरांमागनं तुम्हाला इथवर आणलं कुणी? आम्हीच ना? मग पाया पडा आणि विषय संपवा."

प्राचार्य माझ्या कानाशी आले. "वाका हो मॅडम. कुणाचं काय जातंय? नोकरी राहील."

खरं सांगते, मी वाकायलाच निघाले होते. कंबर आपोआप हलली. भीती अशी अंगात वस्तीला असते, आईबापांकडून आलेली. त्याच वेळी अध्यक्षांनी पाय जरा पुढे सरकवला, मला सोयीचं व्हावं म्हणून.

"नाही, सर," मी म्हणाले.

भाषण केलं नाही. तेवढंच बोलले आणि बाहेर आले.

पुढच्या वर्षी मला घेतलं नाही. दुसऱ्या कॉलेजांपर्यंतही निरोप पोहोचला होता. शिकवण्या केल्या, शिवणकाम केलं. तुमचे आजोबा त्याच वर्षी गेले. पगार असता तर त्यांना उपचारासाठी पुण्याला नेता आलं असतं. हे मी स्वतःपासून लपवत नाही.

आबांना कळलं तेव्हा ते भेटायला आले.

"नोकरी गेली?"

"गेली."

"वाकली न्हाईस?"

"नाही, आबा."

ते भिंतीकडे तोंड करून रडले. माझ्यासाठी की स्वतःसाठी, मी विचारलं नाही.

अनू, तू हसलीस याचा मला राग नाही. आबांचा कधी आला नाही. जीव वाचवायला जो वाकतो, त्याचा हिशेब मी मांडत नाही. पण जो वाकवतो त्याला मी सोडत नाही. तूही त्याचं नाव घेऊन तक्रार कर. तुझी नोकरी जाईल की राहील, मला ठाऊक नाही. खोटा धीर देणार नाही.

आबा गेले, कळप विकला, मला पुन्हा कुठल्याच कॉलेजात शिकवता आलं नाही. माझ्या त्या प्रश्नानंतर मात्र त्या वसतिगृहातल्या मुली कुणाच्या घरी भांडी घासायला गेल्या नाहीत, आजही जात नाहीत. दर जूनमध्ये वसतिगृह उघडलं की मी स्वतः जाऊन त्यांना विचारते.