वरचा मजला नसलेलं दुकान

ती घटना आठवली की मला आजही स्वतःची लाज वाटते.

क्रांती चौकाजवळच्या एका दुकानातून दुपारी चारच्या सुमारास तीन पैठण्या चोरीला गेल्या. दुकानातल्या सेल्समननेच खबर दिली: पैठणचा एक विणकर त्या दिवशी माल द्यायला आला होता, त्याच्यावर संशय आहे. आम्ही विणकराला ठाण्यात आणलं. तासाभरात हवालदार हसत माझ्या टेबलाशी आले. "साहेब, कबूल झाला."

जबाबात प्रत्येक प्रश्नाला 'होय' होतं. साड्या कुठे आहेत, याचा मात्र पत्ता नाही. तरी मी खूश झालो, खोटं कशाला बोलू. अटकेचे कागद करायला सांगितले.

बाहेर बाकावर त्याची मुलगी बसली होती. ती म्हणाली, "साहेब, बाबा तुमाला नाय म्हणणारच नाहीत. तलाठी आला तरी व्हयच म्हणत्यात. मोठ्या माणसाला नाय म्हणू नाय, हेच शिकलेत ते. चोर म्हणून आत गेले तर उद्या कोण काम देईल त्यांना?"

मी चिडलो. आता ही मला शिकवणार! पण आत जाऊन विणकराला विचारलं, "त्या दिवशी दुकानाच्या वरच्या मजल्यावर गेला होता ना?"

"व्हय साहेब."

त्या दुकानाला वरचा मजलाच नव्हता.

मी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हटलं, "आता मी काही विचारत नाही. त्या दिवशी सकाळपासून काय केलं, ते तुम्हीच सांगा." त्याने आधी पाणी संपवलं. मग हळूहळू बोलला. माल देऊन तो दोनच्या आत एसटीने निघाला होता. चार वाजता पैठणला मागावर बसला होता, शेजारचे दोघे सोबत होते.

"हे आधी का नाही सांगितलं?"

"कुणी इचारलंच नाय, साहेब."

शेजाऱ्यांनी दुजोरा दिला. मग खबर देणाऱ्याचीच झडती घेतली. साड्या सेल्समनच्याच घरी, गव्हाच्या कोठीत सापडल्या.

विणकर सुटून घरी निघाला तेव्हा मी त्याला बजावलं, "पोलिसांपुढं घडलं तेवढंच सांगायचं. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं. घाबरायला झालं तर वकील मागायचा, तो तुमचा हक्क आहे."

"व्हय साहेब. व्हय साहेब."

मी कपाळाला हात लावला. "बरं, मग चोरी तुम्हीच केली ना?"

त्याने मुलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"नाय, साहेब."

आवाज अगदी बारीक होता. पंचवीस वर्षांच्या नोकरीत मी किती जणांचा असा आवाज ऐकलाच नसेल, हा विचार तेव्हापासून माझी पाठ सोडत नाही.